काळ्या पट्ट्यांच्या बाजूने

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं आधी तिच्याच शब्दांत मांडते, म्हणजे तिच्यावर अन्याय व्हायला नको. ती म्हणाली, ‘अगं, पंचवीस वर्षं थांबलो आपण या ब्लू-रेसाठी, आणि हातात काय आलं? एवढ्या मोठ्या टीव्हीच्या मधोमध चौकोनी चित्र आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. आपल्या जुन्या डीव्हीडीवर सगळं कसं पडदाभर होतं. कंपनीने कंजूसपणा केला आणि तू त्याचं कौतुक करतेस.’ शेवटी तिने असंही सांगितलं की तिने रिमोटवरचं झूमचं बटण दाबलं, चित्र पडदाभर केलं आणि ‘स्लीपिंग इन लाइट’ तसाच पाहिला.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला राहवेना. ‘बॅबिलॉन ५’चा हा शेवटचा भाग आम्ही दोघींनी मिळून पहिल्यांदा पाहिला होता, २५ नोव्हेंबर १९९८ च्या रात्री. बुधवार होता, दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाच्या गावातले सगळे आपापल्या घरी निघून गेलेले, आणि आम्हा दोघींना तिथे जायला घर नव्हतं. आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला नळीचा टीव्ही, खिचडीचे दोन वाडगे, आणि टीएनटी वाहिनी. भाग संपल्यावर आम्ही बराच वेळ दिवा लावला नाही. त्या रात्री जे चित्र पाहून आम्ही गप्प झालो, त्याच्या आकाराला आज ती ‘अर्धवट’ म्हणते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. त्या भागाचं पूर्ण चित्र घरच्या पडद्यावर आता परत आलं आहे, आणि इतकी वर्षं कपाटात जपलेल्या आमच्या डीव्हीडीवर जे होतं, ते अर्धवट होतं.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तेविसाव्या शतकात अवकाशात एक प्रचंड स्थानक आहे. निरनिराळ्या ग्रहांवरच्या जमाती तिथे वाटाघाटी करतात, व्यापार करतात, भांडतात आणि पुढे युद्धात ओढल्या जातात. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की या लेखकाने पाच वर्षांची एक सलग कादंबरी लिहावी तशी ही गोष्ट आधी मनात रचली आणि मग टीव्हीवर सांगितली. ११० भागांपैकी ९२ त्याने एकट्याने लिहिले. प्रत्येक भाग सुटा असावा, प्रेक्षकाने कुठूनही शिरावं आणि कुठूनही बाहेर पडावं, असा तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीचा रिवाज होता. तिथे पहिल्या पर्वात पेरलेलं वाक्य चौथ्या पर्वात उगवताना पाहणं हा आमच्यासाठी नवा अनुभव होता. शेवटचा भाग घडतो २२८१ साली, मुख्य कथेनंतर सुमारे वीस वर्षांनी. नायक शेरिडन याला आपलं मरण जवळ आल्याचं कळलं आहे. तो जुन्या मित्रांना जेवायला बोलावतो, पहाटे एकटाच निघतो, वाटेत जुन्या स्थानकावर थांबतो. त्या स्थानकाचीही गरज संपली आहे, ते उडवून दिलं जाणार आहे. एवढंच घडतं. कोणी शत्रू नाही, कसली शर्यत नाही.

आता चित्राकडे येते, कारण भांडण चित्राचं आहे.

‘बॅबिलॉन ५’ दोन अगदी वेगळ्या वस्तूंपासून बनलेली मालिका आहे. माणसं दिसतात ते सगळं ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालं, सुपर ३५ या पद्धतीने. या पद्धतीत निगेटिव्हवर रुंद चित्र घेता येतं आणि त्यातून टीव्हीसाठी ४:३ ची चौकट काढता येते. उद्या रुंद टीव्ही आले तर आपली मालिका तयार असावी, असा निर्मात्यांचा दूरदर्शी विचार होता. पण जहाजं, स्थानक, ग्रह, युद्धं हे सगळं संगणकावर घडवलेलं होतं. तोपर्यंत टीव्हीवरच्या अवकाशकथांत जहाजांच्या प्रतिकृती बनवून त्यांच्यासमोर कॅमेरा फिरवत. इथे रॉन थॉर्नटन आणि त्याच्या फाउंडेशन इमेजिंगने अमिगा संगणक, व्हिडिओ टोस्टर हे उपकरण आणि लाइटवेव्ह ही संगणकप्रणाली घेऊन प्रतिकृतींशिवायच अवकाश उभं केलं. मालिकेच्या १९९३ सालच्या पहिल्या चित्रपटाला, ‘द गॅदरिंग’ला, या दृश्यांसाठी एमी मिळालं. शेवटच्या दोन पर्वांत हे काम नेटर डिजिटलकडे गेलं.

ही संगणकाची दृश्यं तयार झाली ती फक्त ४:३ मध्ये, आणि तीही तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीच्या दर्जात. म्हणजे चित्रात वरपासून खालपर्यंत जेमतेम ४८० ओळी. आणि जिथे जिथे माणूस आणि संगणकाचं दृश्य एका चौकटीत येतं, म्हणजे खिडकीबाहेर तारे, हातात चमकणारं यंत्र, मागे उभं स्थानक, तिथे ते जोडकामही त्याच व्हिडिओवर, त्याच चौकोनात झालं. फिल्मच्या रुंद निगेटिव्हची वाट अशा प्रत्येक शॉटच्या दाराशी येऊन थांबते. त्या दारापलीकडे रुंद असं काही कधी अस्तित्वातच नव्हतं.

माझ्या मैत्रिणीसारखे हजारो चाहते ही गोष्ट लक्षातच घेत नाहीत. रुंद चित्र कुठेतरी तयार पडलं आहे आणि कंपनीने ते लपवून आपल्याला कापलेलं दिलं, अशी त्यांची समजूत आहे. कापाकापी झाली, हे खरं आहे. पण ती २००२ ते २००४ या काळात आलेल्या डीव्हीडींवर झाली, ज्यांना ती ‘पूर्ण’ म्हणते.

हिशोब साधा आहे. ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर काठोकाठ बसवायचं तर रुंदीला जागा भरेपर्यंत ते ताणावं लागतं, आणि मग वरखाली जे उरतं ते टाकून द्यावं लागतं. नेमका चौथा हिस्सा जातो. ४८० ओळींतल्या ३६० राहतात, आणि त्या ३६० ओळी पुन्हा ताणून ४८० च्या जागेत बसवायच्या. चित्र आधीच नाजूक, त्याचा पाव भाग फेकला आणि उरलेलं मोठं केलं, तर दिसणार काय? डीव्हीडीवर प्रत्येक अवकाशयुद्ध धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायचं ते यामुळे. माणसांच्या दृश्यांतही मध्येच चित्र मऊ पडायचं. एखादं पात्र बोलत बोलत खिडकीपाशी जाई, खिडकीत तारे असत, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरची रेष न रेष पुसट होई. पुढच्या शॉटमध्ये तो खिडकीपासून दूर सरला की पुन्हा स्वच्छ. मी कित्येक वर्षं समजत होते की आमच्या प्लेअरमध्येच बिघाड आहे.

मग शेवटच्या भागाचं काय झालं असेल? या भागाचा कळस म्हणजे स्थानकाचा अंत. पाच वर्षं प्रत्येक भागात जे घर आपण पाहिलं, ते एकदा शेवटचं बाहेरून दिसतं आणि नाहीसं होतं. ते स्थानक पहिल्यापासून शेवटपर्यंत संगणकातलं, म्हणजे या कळसाचं अवघं चित्र डीव्हीडीवर वरून आणि खालून कापलेलं होतं. त्या दृश्याचं वजन स्थानकाभोवतीच्या रिकामेपणात आहे. एवढ्या मोठ्या काळोखात एक लांबट दिवा होता आणि तो विझला. काळोखाचाच पाव भाग काढून टाकला, तर स्थानक चौकटीत दाटीवाटीने बसवल्यासारखं दिसतं आणि त्याचं एकटेपण जातं. १९९८ च्या त्या रात्री आमच्या भंगारातल्या टीव्हीवर ते एकटेपण होतं. पैसे देऊन घेतलेल्या डीव्हीडीवर ते नव्हतं. ते गेलंय हे मला कळलंही नाही, आठवणच आपल्याला फसवत असेल असं वाटलं. याचा मला आजही राग येतो.

२०२१ च्या जानेवारीत नवी उच्च दर्जाची आवृत्ती आधी इंटरनेटवर आली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्लू-रेवर. माणसांची दृश्यं मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेली आहेत. संगणकाची दृश्यं मूळ व्हिडिओवरून घेऊन जपून मोठी केलेली आहेत. आणि सगळं, अगदी सगळं, ४:३ मध्ये. ब्लू-रेच्या १९२० बिंदूंच्या रुंदीत मधले १४४० चित्राचे, उरलेले दोन्हीकडे २४०-२४० काळे. माझी मैत्रीण म्हणते ती काळी पट्टी ही एवढी. तिच्या बदल्यात वरचा आणि खालचा तो हरवलेला पाव भाग परत आला आहे.

यावर ती म्हणेल, आणि म्हणालीच, की निर्मात्यांनाच रुंद चित्र हवं होतं, म्हणून तर सुपर ३५ घेतलं. तू त्यांच्या इच्छेविरुद्ध बोलतेस. या आक्षेपाला मी मान देते, कारण त्यात तथ्य आहे. त्यांना रुंदी हवी होती. फक्त माणसं असलेल्या दृश्यांत डीव्हीडीवर डावी-उजवीकडे जास्त दिसायचं हेही खरं, आणि ब्लू-रेवर ते गेलं हेही खरं. जेवणाच्या टेबलाच्या दोन्ही टोकांना थोडी अधिक खोली दिसली असती तर मलाही आवडलं असतं. पण ती इच्छा निम्मीच पुरी झाली. फिल्म रुंद घेतली, संगणकाची दृश्यं मात्र त्या रुंदीत कधी घडवलीच गेली नाहीत. दर आठवड्याला नवा भाग, हातात टीव्हीचं बजेट, तेव्हाच्या संगणकांना एकेक चौकट रंगवायला लागणारा वेळ, हे पाहता त्यात कुणाचा दोष काढण्याचं मला कारण दिसत नाही. पण जे मनात होतं आणि जे हातून घडलं, त्यातलं आपल्यासमोर दुसरंच आहे. पूर्ण मालिका, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत, एकाच आकारात अस्तित्वात आली. तो आकार ४:३ आहे, प्रक्षेपणाचा आहे, आणि संकलन त्याच आकारात पाहून झालं आहे.

संकलनाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि या वादात तो कोणी काढत नाही. ‘स्लीपिंग इन लाइट’ स्ट्राझिन्स्कीने लिहिला आणि दिग्दर्शितही केला. एवढ्या मोठ्या मालिकेत त्याने दिग्दर्शित केलेला हा एकच भाग. त्यात त्याने स्वतःला एक छोटी भूमिका दिली आहे. स्थानक रिकामं झाल्यावर सगळ्यात शेवटी एक कामगार येतो, जरा थबकतो, सगळीकडे एक नजर टाकतो आणि खटका ओढून दिवे घालवतो. तो कामगार म्हणजे स्वतः लेखक. हे दृश्य फिल्मवर आहे. त्यानंतर आपण बाहेर जातो, संगणकाच्या अवकाशात. आतून बाहेर जाणारा हा सांधा त्या भागाचा कणा आहे. डीव्हीडीवर याच सांध्यात खाच पडते. आतलं चित्र स्वच्छ आणि ऐसपैस, बाहेरचं कापलेलं आणि पुसट, जणू दोन वेगळ्या मालिका कुणीतरी चिकटवल्या आहेत. ब्लू-रेवर बाहेरचं चित्र आतल्याइतकं धारदार नाही, हे मी नाकारत नाही. ते १९९७ सालचं व्हिडिओवरचं चित्र आहे, ते तसंच दिसणार. पण चौकट तीच राहते. डोळा आतून बाहेर जातो तेव्हा भिंती हलत नाहीत.

मग ती नवं शस्त्र काढते: ‘मग दृश्यं नव्याने करा ना! आज घरच्या संगणकावर होतील. एआयने होतील.’ हा आग्रह मी अनेक चाहत्यांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यात मालिकेवरचं प्रेमच असतं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चं उदाहरण ते हटकून देतात. त्या मालिकेचे १७८ भाग २०१२ ते २०१४ या काळात ब्लू-रेवर आले आणि शेवटचा भाग ‘ऑल गुड थिंग्ज’ डोळे दिपावेत इतका सुंदर दिसला. खरं आहे. पण ते झालं कसं? तिथे जहाजांच्या प्रतिकृती फिल्मवर चित्रित केलेल्या होत्या आणि ती फिल्म जपून ठेवलेली होती. तिचे थर पुन्हा एकमेकांवर रचून जुनंच दृश्य नव्या दर्जात जोडता आलं. मूळ कारागिरांचं काम तिथे पुन्हा उजेडात आलं. ‘बॅबिलॉन ५’च्या बाहेरच्या दृश्यांमागे अशी फिल्म नाहीच. नव्याने करायचं म्हणजे जुनं पुसून कुणा दुसऱ्याने दुसरं चित्र काढायचं. साठच्या दशकातल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ला २००६ पासून संगणकाची नवी दृश्यं जोडली गेली, पण ब्लू-रेवर जुनी दृश्यंही ठेवली, ज्याला जी हवी ती पाहायची सोय ठेवली. तशी सोय असेल तर माझी काही तक्रार नाही. जुनं काढून टाकून नवं बसवणार असाल, तर मात्र मी विरोधात उभी आहे.

कारण ही दृश्यं म्हणजे इतिहास आहे. टीव्हीच्या पडद्यावर प्रतिकृतींशिवाय अख्खं अवकाश उभं करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांचा तो हात आहे. त्यांच्या प्रकाशात कडकपणा आहे, धातू कधी कधी प्लॅस्टिकसारखा दिसतो, स्फोटांना अजून वजन आलेलं नाही. पण जहाजं जडत्वाच्या नियमाने वळतात. पुढे जात असतानाच नाक मागे फिरवून गोळ्या झाडतात, कारण अवकाशात हवा नाही आणि थांबायला काही कारण नाही. असा विचार तोवर टीव्हीवर फारसा कोणी दाखवला नव्हता. हे सगळं एआयकडे देऊन गुळगुळीत करून घेणं म्हणजे जुन्या देवळाच्या दगडांवर ऑइलपेंट फासणं. आपल्याकडे तसं झालेलं आपण पाहिलं आहे, आणि नंतर तो रंग खरवडताना खालची नक्षीही जाते.

रुंदीच्या हव्यासाने काय होतं याचं आणखी एक उदाहरण आहे. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ २०१४ पासून रुंद आणि उच्च दर्जात दाखवली जाऊ लागली, तेव्हा चौकटीच्या कडांना चित्रीकरणाची साधनं आणि माणसं दिसू लागली. मूळ चौकोनाबाहेर ठेवलेलं सामान प्रेक्षकासमोर आलं. रुंदी मिळाली, पण त्या रुंदीत प्रेक्षकाला दाखवण्यासाठी काही ठेवलेलंच नव्हतं.

एक मुद्दा लवकर निकालात काढते, कारण तो मला लहान वाटतो. मैत्रिणीला हा भाग चौथ्या पर्वाच्या शेवटी पाहायचा असतो. चौथ्या पर्वाच्या वेळी वाहिनीचा आधार सुटत होता, मालिका तिथेच संपेल असं वाटत होतं, म्हणून ‘स्लीपिंग इन लाइट’ तेव्हाच चित्रित झाला. मग टीएनटीने पाचवं पर्व घेतलं, चौथ्या पर्वाला ऑक्टोबर १९९७ मध्ये दुसरा शेवट लागला आणि हा भाग वर्षभर राखून ठेवला गेला. म्हणून त्यात स्थानकावरची जुनी अधिकारी इव्हानोव्हा आहे, बाकीच्या पाचव्या पर्वात नसली तरी. आणि पाचव्या पर्वातली नवी कॅप्टन नाही. मैत्रिणीचं म्हणणं, मग तो चौथ्याचाच. मला हे पटत नाही. शेरिडनच्या जुन्या मित्रांपैकी व्हिर जेवणाच्या टेबलावर दिवंगत लोंडोची गोष्ट सांगतो, पाकमारा जमातीचं गाणं ऐकून लोंडोच्या डोळ्यांत पाणी आलं ती. त्या गोष्टीमागे सम्राट होताना लोंडोचा झालेला सगळा विनाश उभा आहे, आणि तो आपण पाचव्या पर्वात पाहतो. तो न पाहता ती गोष्ट ऐकली तर ती जेवणावेळचा एक किस्सा एवढीच राहते. इव्हानोव्हा परत आली याचाही अर्थ शेवटीच लागतो. एक वर्ष ती नव्हती. आपल्या घरचं कुणी वर्षभर दिसलं नाही आणि मग अचानक दारात उभं राहिलं, की आपण जसं पाहतो तसं तिला पाहतो.

आता त्या टेबलाबद्दल. माझा खरा आग्रह त्याच्यापाशी आहे.

जेवायला सहा जण बसतात: शेरिडन, त्याची पत्नी डेलेन, इव्हानोव्हा, गॅरिबाल्डी, डॉक्टर फ्रँकलिन आणि व्हिर. ते नसलेल्यांची आठवण काढतात. लोंडोची, जी’कारची, मार्कसची. त्या वेळी हा अभिनय होता. मग २००४ मध्ये रिचर्ड बिग्ज गेला, आमचा डॉक्टर फ्रँकलिन, चव्वेचाळीस वर्षांचा. पाचव्या पर्वाच्या डीव्हीडी आल्या त्याच वर्षी. २००६ मध्ये जी’कार झालेला आंद्रेआस कात्सुलास. २०११ मध्ये जेफ कॉनवे, जो झॅक होऊन स्थानकावर शेरिडनला शेवटचं भेटतो. २०१६ मध्ये गॅरिबाल्डी झालेला जेरी डॉयल, २०१७ मध्ये व्हिर झालेला स्टीफन फर्स्ट. आणि २० जानेवारी २०२१ रोजी डेलेन झालेली मिरा फुर्लान. नवी आवृत्ती प्रेक्षकांसमोर आली ती त्याच महिन्यात. टेबलावरच्या सहांपैकी चार आज नाहीत. ज्याने मरणाचा अभिनय केला, तो ब्रूस बॉक्सलाइटनर आहे. त्याच्या मागे राहिलेल्या डेलेनचा अभिनय जिने केला, ती नाही.

युगोस्लाव्हिया फुटत असताना युद्धामुळे देश सोडून आलेली बाई होती मिरा फुर्लान. दोन जमातींमध्ये पूल बांधणाऱ्या डेलेनच्या तोंडी तिचा परदेशी उच्चार होता, आणि त्या उच्चारामुळे आम्हा दोघींना, परक्या गावात परक्या उच्चाराने इंग्रजी बोलणाऱ्या दोघींना, ती अधिक जवळची वाटायची. हे मी मैत्रिणीला सांगायची गरज नाही, तिला आठवतं. मिराच्या निधनाची बातमी आली त्या रात्री तिने मला फोन केला होता.

म्हणून मला तिचं झूमचं बटण खुपतं. डेलेन ज्या जमातीची, त्या मिन्बारींच्या डोक्यावर हाडाचा मुकुट असतो. डेलेनचा मुकुट हे तिचं अर्धं व्यक्तिमत्त्व आहे, मिन्बारी आणि मानव यांच्यामधली तिची जागा त्याच हाडावर लिहिलेली आहे. झूम केलं की चित्राच्या वरून आठवा भाग जातो आणि खालून आठवा. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये वरून मुकुट जातो, खालून हनुवटीजवळ आणलेला हात जातो. उरतात डोळे आणि नाक, पडदाभर. निगेटिव्हवरून इतक्या कष्टाने परत आणलेला तो चेहरा, मृत्यूनंतर आपल्या हाती आलेला, आपणच रिमोटने कापायचा? कशासाठी, तर टीव्हीची कड रिकामी दिसू नये म्हणून?

ब्लू-रेवर मी तो जेवणाचा प्रसंग पाहिला तेव्हा पहिल्यांदा जेरी डॉयलच्या डोळ्यांतली ओल मला दिसली. म्हातारपणाच्या रंगभूषेच्या कडाही दिसल्या, केसांना लावलेली पांढरी छटा कुठे थांबते तेही. डीव्हीडीवर हे काही दिसत नव्हतं, त्या रात्रीच्या टीव्हीवर तर नाहीच. रंगभूषा उघडी पडली याचं मला वाईट वाटलं नाही. तिच्याखाली चाळिशीतला जिवंत माणूस दिसतो, म्हातारा व्हायचा प्रयत्न करणारा. त्याला खरं म्हातारपण मिळालं नाही. ही एकच गोष्ट मला त्या सगळ्या रुंदीपेक्षा मोलाची आहे.

डिस्कच का, इंटरनेटवर पाहा की, असंही ती म्हणाली होती. इंटरनेटवर ज्याच्याकडे हक्क त्याच्याकडे मालिका, आणि हक्क फिरत राहतात. आज आहे ते उद्या दुसरीकडे जातं, किंवा कुठेच नसतं. शिवाय कोणी केव्हा चौकट बदलली हे कळायला मार्ग नसतो. माझ्या कपाटातली डिस्क उद्याही हीच चौकट दाखवेल.

येत्या नोव्हेंबरमध्ये ती पुण्यात येते आहे. मी खिचडी करीन, डिस्क लावीन, रिमोट माझ्याकडे ठेवीन. सहा जण टेबलाशी बसतील, व्हिर ती गोष्ट सांगेल. पहाटे शेरिडन निघेल. मग तो कामगार येईल, थांबेल, एकदा आजूबाजूला बघेल आणि दिवे घालवील. त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असतील, आणि क्षणभरात मधलं चित्रही त्यांच्याच रंगाचं होईल. त्या काळोखात तिने मला सांगावं की तिला काय कमी दिसलं.